टॅपेट सेट करूनही टकटक परत येते, तेव्हा कुठे बघायचं

"टॅपेट करून घेतले, आठ-दहा दिवस गाडी गप्प होती, आता पुन्हा तसाच आवाज." १०० ते १५० सीसीची एअर-कूल्ड गाडी काही वर्षं रोज राबली, की ही तक्रार कधी ना कधी कानावर येतेच. टॅपेट करणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला बारीक गॅप स्क्रूनं जुळवणं. मग पुन्हा टॅपेट, पुन्हा थोडे दिवस शांतता, पुन्हा टकटक. कुणी टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या आतली व्हॉल्व्ह चालवणारी साखळी, बदलायला सांगतं. ती बदलूनही आवाज जागचा हलत नाही. शेवटी गाडीवाला वैतागून म्हणतो, "हाफ इंजिन करून टाका एकदाचं." हेड-ब्लॉक उतरतात, मोठं बिल होतं, आणि एवढं होऊनही आवाज गेला नाही अशा गाड्या माझ्याकडे येतात.

टॅपेट एकदा नीट बसवले तर काही हजार किलोमीटर तसेच राहायला हवेत. आठवड्यात गॅप वाढत असेल, तर एक तर वरचा एखादा भाग झिजतोय किंवा मोजताना गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, फसवतंय. दोन्हीवर पुन्हा सेटिंग करणं हा इलाज नाही. कारण सापडेपर्यंत हेडच्या नटांना पाना लावू नये, असं माझं ठाम मत आहे, कारण इंजिन खोललं की आवाजाचा मागच संपतो. बंद इंजिन काही सांगत नाही.

आधी विचारपूस

आवाज कसा येतो यापेक्षा तो कधी येतो, यावरून जास्त कळतं. थंड इंजिनात येतो की गरम झाल्यावर? स्लोवर, रेस दिल्यावर, की चढावर लोड पडल्यावर? क्लच दाबला की बदलतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाज सुरू होण्याआधी गाडीचं कोणतं काम झालं होतं? हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. गाडीवाल्यालाही त्याचा संबंध वाटत नाही, म्हणून तो आपण होऊन सांगत नाही.

मग बाहेरचं बघून घ्यावं. सायलेन्सरवरची जाळी, क्रॅश गार्ड, नंबर प्लेट, हॉर्नची पट्टी, चेन कव्हर, इंजिन फ्रेमला धरणारे बोल्ट, यातलं काहीही ढिलं झालं तर ठरावीक रेसला असं वाजतं की आवाज इंजिनातूनच येतोय वाटावं. गाडी स्लोवर ठेवून लाकडी दांडक्यानं एकेक भाग दाबत जा. दाबल्यावर आवाज थांबला की काम तिथंच संपलं. गाडी डबल स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून मागचं चाक हातानं फिरवलं की चेन, स्प्रॉकेट, चाकाचं बेअरिंग आणि ब्रेक लायनर यांचा हिशेब वेगळा होतो.

बाहेरच्या आवाजांत एक मात्र फार जणांना चकवतो. सायलेन्सरचा बेंड पाइप हेडला जिथं बसतो तिथलं पॅकिंग गेलं, की हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते. थंड इंजिनात जोरात, आणि पाइप तापून फुगला की कमी. त्या सांध्याभोवती काळी काजळी दिसते. गाडी थंड असताना स्टार्ट करा, काठीला गुंडाळलेलं ओलं फडकं क्षणभर त्या सांध्याशी धरा. आवाज बदलला तर पॅकिंग बदला, टॅपेटला हात लावू नका. प्लग ढिला असेल तरी फुसफुशीसह अशीच टिकटिक येते, तेव्हा तोही पाहून घ्यावा.

तेलाची पातळी तर पहिल्याच दिवशी बघायची. गाडी सरळ उभी करून, स्टिक पुसून, बहुतेक गाड्यांत आटे न फिरवता नुसती टेकवून. अशा गाड्यांत सगळं मिळून लिटरभराच्या आसपास तेल असतं, त्यातलं दोन-अडीचशे मिली कमी झालं तरी वरच्या भागाला ते जाणवतं. ग्रेड कंपनीनं सांगितलेलाच घाला. १०डब्ल्यू-३० च्या इंजिनात आवाज दाबायला २०डब्ल्यू-५० ओतलं की थोडे दिवस बरं वाटतं, पण सकाळच्या स्टार्टला तेच घट्ट तेल वर पोचायला वेळ घेतं. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या तेलाचा दर्जा) लिहिलेलं असावं, कारण क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. कारचं तेल घातलं तर क्लच घसरायला लागण्याची भीती असते.

वरचा आवाज की खालचा

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या खालच्या दांड्याच्या, दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची, म्हणजे रॉकर हलवणाऱ्या वरच्या दांड्याची, एक होते. स्लो १४०० आरपीएमवर असेल तर क्रँक सेकंदाला साधारण २३ वेळा फिरतो आणि कॅम साधारण १२ वेळा. म्हणजे एका टॅपेटचा आवाज सेकंदाला १२ वेळा येणार. कानाला हे मोजता येत नाही. मोबाइलला येतं. हेडजवळ पण सायलेन्सरचा ठोकाही ऐकू येईल अशा जागी फोन धरून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि पाव वेगानं वाजवा. आता सेकंदाला तीनच ठोके उरतात आणि ते आरामात मोजता येतात.

सिंगल सिलिंडरमध्ये सायलेन्सरचा ठोकाही क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पडतो. त्यामुळे सायलेन्सरच्या एका ठोक्याला एक टक असेल तर दुखणं बहुधा वर आहे, म्हणजे टॅपेट, रॉकर, कॅम, व्हॉल्व्ह यांपैकी कशात तरी. एका ठोक्याला सारख्या अंतरानं दोन टक येत असतील तर क्रँकच्या बाजूला बघा. दोन्ही टॅपेट ढिले असतील तेव्हाही दोन टक येतात, पण त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं, जोडीजोडीनं येतात. पिस्टनचा मारही बऱ्याचदा दोन फेऱ्यांत एकदाच जोरात बसतो. म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये, दिशा तेवढी कळते.

जागा शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. टोक इंजिनवर, मूठ कानाच्या मागच्या हाडाला. साधा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तमच. बाह्या दुमडून, ओढणी-मफलर काढून ठेवून आधी इनटेकच्या टॅपेट कव्हरवर, मग एक्झॉस्टच्या, मग टायमिंग चेन ज्या बाजूनं वर जाते तिथं, मग मॅग्नेट कव्हर, शेवटी क्लच कव्हर. आवाज सगळीकडे थोडाथोडा पोचतो. कुठे ऐकू येतो यापेक्षा कुठे तो टोकदार होतो ते शोधायचं. एकदा डोळे मिटून दोन टॅपेट कव्हरांमधला फरक ऐकलात की पुन्हा कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दुधाच्या गाडीचं उदाहरण

सातारा रोडला दूध घालणाऱ्या एका तात्यांची १२५ सीसी गाडी माझ्याकडे आली. दोन्ही बाजूंना कॅन, पहाटेची खेप, खेड्यातले चढ, बराचसा वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. दोन ठिकाणी टॅपेट करून झाले होते, टायमिंग चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनरही नवीन होते.

मी विचारलं, "तात्या, स्टार्ट केली की लगेच वाजती का?"

"न्हाय. घरातनं निघतो तवा गप असती. कोरेगाव गाठस्तवर वाजाय लागती, आन् मग थांबायचं नाव न्हाय."

"त्याच्या आधी काही काम केलं होतं?"

"गेल्या साली धूर मारत हुती म्हणून रिंगा-पिस्टन टाकलं. त्याचा काय संबंध?"

संबंध होता, पण तो पुढे कळला. क्लच दाबून आवाजात काही फरक पडला नाही. पाव वेगाच्या रेकॉर्डिंगमध्ये सायलेन्सरच्या ठोक्याला एकच टक. स्क्रूड्रायव्हर एक्झॉस्टच्या कव्हरवर ठेवला की आवाज सुईसारखा टोचायचा, चेनच्या बाजूला तो बोथट व्हायचा. म्हणजे नवीन चेन उगाच पडली होती.

गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी थंड इंजिनात गॅप मोजला. या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेली ०.०८ मिलिमीटरची पट्टी दोन्हीकडे हवी तशी, किंचित घासत जात होती. कागदोपत्री सगळं बरोबर. पण पट्टी काढून बोटांनी रॉकर वर-खाली हलवले तेव्हा इनटेकचा रॉकर जेमतेम हलला आणि एक्झॉस्टचा बोटाला स्पष्ट जाणवेल इतका. सारखाच गॅप असलेल्या दोन रॉकरांत हे व्हायला नको. मोजमाप आणि बोट यांचं जमत नसेल तर मी बोटावर विश्वास ठेवून पुढे बघतो.

एक्झॉस्टचा टॅपेट स्क्रू पूर्ण काढून टॉर्चखाली धरला. त्याच्या टोकाला मधोमध चकचकीत गोल खळगा पडला होता. नवीन स्क्रूचं टोक मधे किंचित फुगीर असतं, इथे उलटं झालं होतं. व्हॉल्व्हचं देठ बरोबर त्या खळग्यात बसत होतं. फिलर गेजची पट्टी सपाट आणि रुंद. ती खळग्यात उतरत नाही, त्याच्या दोन कडांवर टेकते. त्यामुळे पट्टीला गॅप ०.०८ दिसतो, आणि खरा गॅप म्हणजे ०.०८ अधिक खळग्याची खोली. कितीही वेळा सेट करा, गेज दर वेळी बरोबरच म्हणणार आणि गाडी वाजणारच. मधले शांततेचे दिवस कुठून आले? आधीच्या दोघांपैकी एकानं आवाज बंद होईपर्यंत स्क्रू आवळला असणार. खळगा आणखी वाढला की आवाज परत.

याला एक साधा उतारा आहे. स्क्रूचे आटे अर्ध्या मिलिमीटरचे असतील तर पूर्ण एका फेरीत तो अर्धा मिलिमीटर पुढे जातो. स्क्रू हलक्या हातानं पूर्ण टेकवायचा आणि फेरीचा साधारण सहावा भाग मागे घ्यायचा, म्हणजे जवळपास ०.०८ चा गॅप मिळतो, खळगा असो वा नसो. पण हे खळगा आहे का ते पडताळण्यापुरतं. झिजलेला स्क्रू बदलायचाच, तो काही महाग पार्ट नाही.

खरा प्रश्न पुढचा होता. कडक केलेल्या पोलादाला एका वर्षात खळगा पडतोच कसा? रॉकरची कॅमवर घासणारी बाजू बघितली तर तिथं करडे पापुद्रे निघालेले, बारीक खड्डे पडलेले. कॅमच्या एक्झॉस्ट लोबवर, म्हणजे रॉकरला ढकलणाऱ्या उंचवट्यावर, नखाला लागतील अशा रेघा. ही सगळी लक्षणं तेल न मिळाल्याची. इंजिनातल्या तेलाची पातळी तर ठीक होती.

चश्मा लावून, एक्झॉस्टचं टॅपेट कव्हर उघडं ठेवून गाडी क्षणभर स्लोवर चालू केली. असं केल्यावर तेलाचे शिंतोडे हातावर उडायला हवेत. इथे रॉकर नुसता ओलसर दिसत होता. तेल वर पोचत नव्हतं. आता मात्र हेड खोलायला कारण होतं.

या जातीच्या बऱ्याच इंजिनांत हेडला तेल नेणारी वेगळी नळी नसते. ब्लॉकमधल्या चार स्टडपैकी एकाच्या भोवतालच्या पोकळीतून तेल वर चढतं, आणि वाटेत ते एका अगदी बारीक भोकातून जातं. हेड उतरवलं तेव्हा त्या भोकाशी गॅस्केट पेस्टचा चपटा, राखाडी रबरासारखा तुकडा अडकलेला मिळाला. रिंग-पिस्टनच्या कामात गॅस्केटला दोन्ही बाजूंनी भरपूर पेस्ट फासली होती. नट आवळल्यावर जादा पेस्ट जशी बाहेर येते तशी आतही येते. बाहेरची पुसली जाते. आतली लोंबत राहते, तेलात सुटते आणि अरुंद जागा गाठते. खाली तेलाच्या जाळीतही तिचे बारीक तुकडे निघाले. सकाळी गाडी गप्प का असायची तेही यातून उलगडतं. थंड, घट्ट तेलाचा रात्रीचा थर काही वेळ पुरायचा. तेल पातळ झालं आणि वरून नवीन येईना, की रॉकर उघडा पडायचा.

काम असं झालं: कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट रॉकर, दोन्ही टॅपेट स्क्रू नवीन. झिजलेल्या कॅमवर नवा रॉकर किंवा झिजलेल्या रॉकरखाली नवा कॅम कधीही बसवू नये, जुना नव्याला थोड्याच दिवसांत खातो. व्हॉल्व्हच्या देठाचं टोक तपासलं, ते वाचलं होतं. तेलाच्या सगळ्या वाटा रॉकेलनं धुऊन कॉम्प्रेसरच्या हवेनं मोकळ्या केल्या, जाळी साफ केली. हेड गॅस्केट नवीन आणि कोरडं, पेस्टशिवाय. कॅमच्या लोबवर आणि रॉकरवर बसवतानाच तेल लावलं. सगळं बसल्यावर पहिल्या स्टार्टला कव्हर उघडं ठेवून तेल उडतंय हे तात्यांना दाखवलं आणि मगच कव्हर लावलं. ५०० किलोमीटरला तेल बदलून पुन्हा गॅप बघितला. पट्टी आणि बोट, दोघांचं एकमत झालं.

टॅपेट सेट करताना जे राहून जातं

इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं असलेलं. चहा पिऊन येईपर्यंत गार झालेलं चालत नाही. मॅग्नेट कव्हरवरची दोन झाकणं काढा, प्लग काढून ठेवा म्हणजे क्रँक हलका फिरतो. क्रँक त्याच्या चालू दिशेनंच फिरवायचा. मॅग्नेटवरचा टी मार्क खुणेशी आला की दोन्ही रॉकर हातानं हलवून बघा. दोन्ही किंचित मोकळे हवेत. एखादा घट्ट असेल तर पिस्टन वर आहे खरा, पण चुकीच्या स्ट्रोकला. आणखी पूर्ण एक फेरी द्या. घाईत इथे चूक झाली की सगळं पुढचं मोजमाप वाया.

गॅप किती ठेवायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. लहान इंजिनांत तो साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान असतो, इनटेक आणि एक्झॉस्टचा वेगळाही असू शकतो. साध्या कागदाची जाडी जेमतेम ०.१० मिलिमीटर असते, यावरून अंदाजानं सेट करणं किती धोक्याचं आहे ते लक्षात येईल. चांगलं फिलर गेज काहीशे रुपयांत मिळतं आणि आयुष्यभर पुरतं. पट्टी आत ठेवून स्क्रू धरायचा, चेक नट आवळायचा आणि पट्टी काढून पुन्हा घालून बघायची. नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो. ही शेवटची तपासणी न केल्यामुळेच कित्येक गाड्या दुसऱ्या दिवशी परत येतात.

आवाज पूर्ण बंद करायचा हट्ट इथे धरू नये. बारीक, एकसारखी टिकटिक या इंजिनांना असतेच. गाडीवाला खूश व्हावा म्हणून टॅपेट आवळले की व्हॉल्व्ह गरम झाल्यावर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकल्यावरच हेडला देतो. टेकायलाच मिळालं नाही तर त्याची कड जळते, कॉम्प्रेशन जातं, सकाळी किक मारून पाय दुखतो आणि मग खरोखरच हेडचं काम निघतं. आवळलेल्या टॅपेटची गाडी बाहेरून फार गोड चालते, आणि म्हणूनच मला तिची जास्त काळजी वाटते.

रॉयल एनफिल्डच्या यूसीई इंजिनाच्या बुलेट-क्लासिकमध्ये हे काही लागू नाही. तिथं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबानं आपोआप गॅप भरून काढणारे टॅपेट आहेत, गेजचं कामच नाही. स्टार्ट केल्यावर काही सेकंद टकटक येऊन थांबली तर ती टॅपेटमध्ये तेल भरेपर्यंतची समजावी. थांबलीच नाही तर तेलाच्या दाबाकडे वळा.

टायमिंग चेनची खरखर

टॅपेटची टकटक सुटी सुटी असते. चेनचा आवाज सलग खरखरीचा, साखळी कुठेतरी पत्र्याला घासावी तसा येतो, आणि रेस सोडून आरपीएम खाली येताना जास्त ऐकू येतो. स्क्रूड्रायव्हर चेनच्या बाजूला ठेवला की पक्कं होतं.

चेन बदलूनही हा आवाज परत येत असेल तर टेन्शनर बघा. बऱ्याच १५० सीसी गाड्यांत तो ब्लॉकच्या मागे बसतो, आत स्प्रिंग आणि एकाच दिशेनं सरकणारे दाते असतात. चेन ढिली पडेल तसा तो आपोआप पुढे सरकतो आणि मागे येत नाही. तो काढला असेल तर आत पूर्ण मागे घेऊन, ब्लॉकवर बसवून मगच सोडायचा. न मागे घेता बोल्टनं ओढून बसवला तर चेन ताणून राहते, गाइडचं रबर खाते. हातात घेऊन अंगठ्यानं दाबल्यावर टेन्शनर आत जात असेल तर दाते गेलेत. आडव्या इंजिनाच्या जुन्या १०० सीसी गाड्यांत वेगळीच रचना आहे: खालून दांडा, स्प्रिंग, रबरी टोक, आणि धक्का शोषायला आत तेल. तिथं दांड्याचं रबर झिजलं की नवी चेनही वाजते. बसवताना त्या जागेत थोडं इंजिन ऑइल घालावं लागतं, नाहीतर सुरुवातीपासूनच खरखर.

बाकीचे आवाज थोडक्यात

न्यूट्रलमध्ये स्लोवर खडखड आणि क्लच दाबला की बंद: क्लच हाउसिंगच्या स्प्रिंगा किंवा गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. स्लो वेडावाकडा असेल तर ही खडखड वाढते, म्हणून आधी स्लो नीट करून मगच क्लच कव्हर उघडा. थंड इंजिनात पोकळ ठकठक आणि गरम झाल्यावर कमी: पिस्टन-ब्लॉकमधला गॅप वाढलाय, सोबत तेल खातेय का बघा. तेल खात नसेल तर घाई नाही. कात्रज किंवा खंबाटकीच्या चढावर मोठ्या गिअरमध्ये रेस दिली की काचेच्या गोट्या हलवल्यासारखा आवाज: नॉकिंग. आधी गिअर कमी करा. सवय बदलूनही राहिला तर पिस्टनवरचा कार्बन, चुकीचा प्लग किंवा पेट्रोल कमी मिळणं, या क्रमानं बघा.

एक आवाज मात्र उद्यावर ढकलू नये. खालून, क्रँककेसमधून येणारी जड ठक-ठक, जी गरम झाल्यावर आणि लोडवर वाढते, स्क्रूड्रायव्हर खाली नेला की छातीत जाणवते. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेल्याची ती खूण. तेल काढून त्यात धातूचा चमचमणारा कीस आहे का बघा, निचऱ्याच्या बोल्टला चुंबक फिरवा. कीस दिसला तर गाडी "गॅरेजपर्यंत" सुद्धा चालवू नका, टेम्पोत टाका. रॉड तुटला तर ब्लॉक आणि क्रँककेस दोन्ही जातात, आणि चालत्या गाडीचं मागचं चाक अचानक जाम होऊ शकतं.

गाडी दुसऱ्याकडे देणार असाल तर

स्वतः करायचं नसेल तरी वरची विचारपूस आणि रेकॉर्डिंग घेऊनच जा. थंड असतानाचं एक, गरम असतानाचं एक. "आवाज येतोय, बघा जरा" म्हणून गाडी सोडून गेलात तर मेकॅनिकला ती थंड असताना मिळते, आणि गरम झाल्यावर येणारा आवाज त्याला ऐकूच येत नाही. टॅपेट करताना स्क्रू काढून टोक दाखवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. हेड उतरणार असेल तर गॅस्केट कोरडं बसवायला सांगा आणि जिथं पेस्ट लागतेच तिथं ती पुसट फासलेली असावी. बदललेले पार्ट परत मागा. झिजलेला रॉकर हातात आला की झीज कुठल्या बाजूला आहे ते दिसतं. आणि झाकण लावण्याआधी एकदा स्टार्ट करून तेल वर येतंय हे दाखवायला सांगा. कपड्यावर दोन डाग पडतील, पडू द्या.